सात डोकी, दहा शिंगं आणि आमचा बाप्तिस्मा

जे मोठमोठ्या धर्मपंडितांना दोन हजार वर्षांत जमलं नाही, ते मी सहा दिवसांत आणि चार डबे रंगात उरकणार होतो! हसू नका. मी पाट्या रंगवणारा माणूस आहे. 'इथे गाडी लावू नये' हे मी असं लिहितो की गाडी सोडाच, लोक तिथे सायकलसुद्धा टेकवत नाहीत. कोणाला काय कसं सांगावं हे आपल्याला बरोबर कळतं, असा माझा समज होता.

भांडण होतं माझ्या सासऱ्यांचं आणि माझ्या थोरल्या भावाचं. सासरे शिंपी. आता शिवणकाम सोडलंय, पण मोजपट्टी अजून गळ्यात असते. दादा शाळेत इतिहास शिकवतो. दोघं एकाच चर्चचे, एकाच बाकावर बसणारे. आठ महिन्यांपूर्वी बायबलच्या अभ्यासात जगाच्या शेवटाचा विषय निघाला. ख्रिस्त हजार वर्षं राज्य करील, या ओळीपाशी सासरे म्हणाले, "हजार म्हणजे हजार."

"हजार म्हणजे पुष्कळ," दादा म्हणाला. "ते प्रतीक आहे."

"असं? मी गिऱ्हाइकाची बत्तीसची कंबर 'पुष्कळ' म्हणून शिवली असती तर?"

"बरं, मग हजार वर्षं लीप वर्षं धरून की सोडून?"

झालं! सासरे उठले ते थेट पलीकडच्या रांगेत जाऊन बसले. हळूहळू चर्चचे दोन भाग पडले. डावीकडे शब्दशःवाले, उजवीकडे प्रतीकवाले. मी मधल्या वाटेत उभा राहून प्रार्थना करायला लागलो, तर दोन्हीकडचे माझ्याकडे संशयाने बघायचे.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण घरात आमची लेक होती, बाप्तिस्मा व्हायची राहिलेली. आमच्या चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याला आईकडचा एक आणि वडिलांकडचा एक असे दोन साक्षीदार शेजारी-शेजारी उभे राहावे लागतात. आमच्याकडे आईकडचे म्हणजे सासरे आणि माझ्याकडचा म्हणजे दादा! दोनदा तारीख ठरली, दोनदा मोडली. एकदा हे आले नाहीत, एकदा तो. बायको शेवटी म्हणाली, "अहो, पोरगी रांगायला लागली. आता चालत जाऊन स्वतःच बाप्तिस्मा घेईल! येत्या रविवारी झाला नाही ना, तर मी तिला घेऊन पपांकडे राहायला जाते." ती चिडून ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. ती शांतपणे म्हणाली, म्हणून माझी पाचावर धारण बसली.

हे झालं रविवारी. त्याच संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. पुढच्या रविवारपासून प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, अभ्यास-सप्ताह होता आणि त्यासाठी त्यांना वेदीच्या बाजूला लावायला मोठं चित्र हवं होतं. त्या पुस्तकातलं, समुद्रातून वर येणारं सैतानाचं श्वापद! "दोन्ही बाजूंना पटेल असं काढा हं," असं म्हणून ते घाईघाईने सायकलवर बसले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, देवच पावला! असं चित्र काढतो की सासरेही 'वा' म्हणतील आणि दादाही.

सोमवारी सकाळी मागच्या खोलीत कापड ताणलं. खडूने पहिली रेघ ओढतोय तोच सासरे हजर.

"जावईबापू, डोकी किती?"

"सात, मामा."

"शिंगं?"

"दहा. तीन डोक्यांना दोन-दोन, चार डोक्यांना एक-एक. बरोबर दहा!"

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. "कुठल्या तिघांना दोन?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही कोण ठरवणार? हे तुम्हाला तुमच्या भावाने शिकवलं ना?" असं म्हणत त्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढली आणि सातही माना मोजून घेतल्या. जाताना खिडकीची कडी लावून गेले, म्हणजे मी तिथून कोणाला आत घेऊ नये!

दुपारी दादा पुढच्या दाराने आला. "शिंगं काढतोयस? म्हणजे सासऱ्यांच्या गटात गेलास!"

"अरे दादा, पुस्तकात शिंगं आहेत."

"पुस्तकात असंही आहे की सात डोकी म्हणजे सात डोंगर. स्वतःच अर्थ सांगितलाय!"

हे मी भाबडेपणाने संध्याकाळी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग डोंगर म्हणजे डोंगर! त्यात प्रतीक कुठून आलं?" आणि जरा थांबून, "म्हणजे तो येऊन गेला तर!"

असं तीन दिवस चाललं. सासरे रोज शिंगं मोजायचे. दादा रोज येऊन चित्रात एखादा डोंगर दिसतोय का ते बघायचा. मी खडूचा डबा कुठे ठेवलाय यावरूनसुद्धा दोघांना संशय यायला लागला. मलाही सगळ्यांचा यायला लागला. बायकोने चहा आणून दिला तरी वाटायचं, हिला पाठवलंय कोणी?

बुधवारी मी वैतागून सासऱ्यांना म्हटलं, "मामा, समजा शिंगं नसली खरी, तर काय बिघडतं?"

ते मोजपट्टी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "त्याच पुस्तकात शेवटी लिहिलंय, तो आपल्या डोळ्यांचं पाणी पुसून टाकील. तुमच्या सासूबाई गेल्या त्या दिवशी पाळकांनी मला तेच वाचून दाखवलं. आज शिंगं प्रतीक म्हणालात, तर उद्या ते पुसणंही प्रतीकच म्हणाल. मला नाही चालायचं ते. मला खरा हात पाहिजे."

मी दादालाही हे सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला वाटायचं त्यांना लोकांना भीती घालायची आहे. माझ्या वर्गातली पोरं त्या श्वापदाला घाबरून रडतात रे." पण "जाऊन त्यांना सांग ना हे" म्हटल्यावर लगेच ताठला. "आधी त्यांनी लीप वर्षांचं उत्तर द्यावं!"

गुरुवारी चेहरे रंगवायला घेतले आणि घात झाला. श्वापदाचं तोंड सिंहासारखं, असं लिहिलंय. मी उभ्या जन्मात सिंह पाहिलेला नाही. मी अक्षरं काढतो, बाण काढतो. मग जी तोंडं रोज बघतो, तीच हातातून उतरली. मला पत्ताही नाही!

दादा आला आणि आनंदाने ओरडला, "पहिलं डोकं सासऱ्यांचं! भुवया बघ, भुवया!" मग त्याची नजर दुसऱ्या डोक्यावर गेली. बोट वर करून शिकवणारं डोकं होतं ते. श्वापदाला बोट का काढलं, मला अजून सांगता येत नाही. दादा तडक निघून गेला.

सासरे आले. दुसरं डोकं बघून पोट धरून हसले. मग पहिलं दिसलं. "जावईबापू, हा डाव आहे! रविवारी मी येत नाही."

पाळकसाहेबांनी चौथ्या डोक्यापुढे उभं राहून आपलाच चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि "जरा घाई झालीय का?" एवढंच म्हणाले. बायकोने मात्र वेळ घेतला. सहाव्या डोक्यापाशी थांबली. "ओठ आवळलेलं हे कोण?"

"कोणी नाही! सिंहीण आहे!"

"आणि हिला दोन शिंगं का?"

ती बॅग काढायला आत गेली. कोणासारखं काढलं तरी कोणीतरी दुखावणार! तेवढ्यात भिंतीवरच्या आरशात मला माझं तोंड दिसलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा राग मी कसा धरणार? शुक्रवार-शनिवार मी आरसा समोर टांगून सातही डोकी माझीच काढली. हसणारं, रागावलेलं, डुलक्या काढणारं, सगळी मीच. मग दोघांच्या घरी जाऊन अक्षरशः पाया पडलो. "एकदा चित्र बघून जा. नाही पटलं तर परत फिरा."

रविवारी चर्च गच्च भरलं. पाळकसाहेबांनी पडदा ओढला. सासरे उठले, पुस्तक उघडलं, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं. पलीकडून दादा उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

आठ महिन्यांनी सासरे त्याच्याशी पहिल्यांदा बोलले. "चेहरा ओळखीचा वाटतो."

"शब्दशः धरलं तरी तोच," दादा म्हणाला.

"आणि प्रतीक म्हणूनही मला तोच पटतो," सासरे म्हणाले. "आठवडाभर तुझ्या गोष्टी मला येऊन सांगत होता."

"आणि तुमच्या मला!"

त्यांनी एकमेकांचे हात धरले. सासऱ्यांनी डोळे पुसायला रुमाल शोधला, तो नव्हता, म्हणून दादाने आपला काढून दिला. ते बघून मला हुंदकाच आला. म्हटलं, जमलं! आपण जमवलं!

बाप्तिस्मा सुरू झाला. दोघं बाळाच्या दोन बाजूंना खांद्याला खांदा लावून उभे. बायको माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. पाळकसाहेबांनी साक्षीदारांना नेहमीचा प्रश्न विचारला, "सैतानाचा आणि त्याच्या सर्व कृत्यांचा तुम्ही त्याग करता का?"

दोघांनी चित्राकडे बघितलंच नाही. माना वळवून थेट माझ्याकडे बघितलं आणि एका सुरात म्हणाले, "करतो!"

मग पाळकसाहेबांनी बाळाच्या बापालाही विचारलं. काय करणार? मीही म्हटलं, करतो.