बबनरावांचा निळा महिना

बबनरावांचा पिवळा महिना सुरू असला की त्यांच्या घरी पालकाची भाजी होत नाही. कमलकाकूंनी चुकून केलीच, तर ताट सरकवून ते म्हणतात, "हिरवा झाला ना मांगच्या महिन्यात? मंग? आता वरण कर, पिवळंधम्मक." आणि हा धडधाकट माणूस महिनाभर वरण, बेसन आणि कढी यांवर आनंदाने राहतो. काकूंचं काय होतं ते विचारू नका.

बबनराव आमचे घरमालक. माझी बदली कामरगावच्या शाळेत झाली तेव्हापासून आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत राहतो. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेला गडी, मिशा भरघोस आणि आवाज असा की हॉर्नची गरज पडली नसावी. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, मन शांत राहील असा एखादा छंद लावून घ्या. बबनरावांनी मोबाइलवर कुणा मुलीला पाहिलं होतं. ती वहीत एकेका रंगाची पानं सजवायची आणि त्यानं मन हलकं होतं म्हणायची. झालं. जाड पानांची वही आली, तिच्यावर ‘रंगवही’ असं नाव पडलं आणि आमच्या गल्लीची शांतता तिथेच संपली.

दुपारी ओसरीवर कात्री आणि बाभळीच्या डिंकाची वाटी घेऊन ते बसतात. "शांत बसून राह्यलो मी, कोनी बोलू नका," हे ते इतक्या मोठ्याने सांगतात की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकतं. गल्लीत कुणाच्या घरी लग्नपत्रिका आली की वाचून व्हायच्या आत तिचा कोपरा गायब. आमच्या हिच्या पिवळ्या ओढणीचे गोंडे असेच गेले. ही तणतणत गेली, तर म्हणाले, "ओढणी त हायेच ना अजून?"

त्यातही त्यांचे नखरे असतात. मी एकदा कॅलेंडरवरचं सूर्यफुलाचं सुरेख चित्र नेऊन दिलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि परत केलं. "गुळगुळीत हाय, मास्तर. रंग हाताले समजला पाह्यजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे पिवळ्याच्या पानावर हळकुंडाचे तुकडे, तुरीची डाळ आणि आमचे गोंडे. लाल पानावर सुकी मिरची, तीही बियांसकट. पान पुरं झालं की ते डोळे मिटून त्यावरून हात फिरवतात. मला वाटायचं, त्या मोबाइलवाल्या मुलीनं सांगितलेला ध्यानाचा प्रकार असेल. लाल पानाच्या ध्यानानंतर त्यांनी तोच हात डोळ्याला लावला आणि अर्धा दिवस ओसरीवर थयथयाट केला.

एवढा दांडगा माणूस, पण एका व्यक्तीला टरकून. जऊळक्याची सिंधूबाई, त्यांची थोरली बहीण. महिन्याचा रंग ती ठरवते आणि महिनाअखेर वही तपासायलाही तीच. "बाईनं हिरव्यात नापास केलं मले," हे त्यांनी मला इतक्या पडेल चेहऱ्याने सांगितलं की बोर्डाचा निकाल लागल्यासारखं वाटलं. मी मनाशी सिंधूबाईंचं चित्र रंगवलं होतं: जाड चष्मा, बारीक नजर, हातात लाल पेन.

या बहिणीवर त्यांचा एक जुना दावा होता. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या बबनचं सगळं सिंधूबाईच करायची. एका पंधरा ऑगस्टला त्याचा सदरा सगळ्यांत पांढरा दिसावा म्हणून तिने त्याला नीळ घातली. नीळ घातली की कपडा पांढरा होतो, हे तिने पाहिलं होतं. मग जास्त घातली तर जास्त पांढरा होईल, म्हणून अख्खी पुडी बादलीत. "सारी शाळा पांढरी, अन् मी एकटा निळा. हेडमास्तरनं मले मांगच्या लाइनीत उभं केलं. इज्जतीचा फालुदा झाला, मास्तर." ही गोष्ट कामरगावात ऐकली नाही असा माणूस नसेल.

तर या उन्हाळ्यात सिंधूबाईने रंग दिला निळा. बबनराव पहिल्या आठवड्यातच घायकुतीला आले. "वावरात सारं हाय, मास्तर, फक्त निळं नाई. देवानं काहून नाई बनवलं?" गोकर्णीची वेल उन्हाने वाळून गेलेली. मोरपीस हिरव्यात वापरून झालेलं. निळी ताडपत्री गुळगुळीत. कुठल्याशा जुन्या बाटलीत रेशनचं निळं रॉकेल मिळालं, त्याचा बोळा पानाला लावला, तर ते पिवळ्यापर्यंत झिरपलं आणि काकूंनी वही काठीने उचलून अंगणात टाकली. खायला निळं काहीच नाही म्हणून माणूस जेवायचा नीट, पण तोंड उतरलेलं. "या टायमालेबी नापास झालो त बाई म्हनीन, बबनचं मन नाई लागत आता. अन् वही आनू नको म्हनीन." तेवढ्याने काय बिघडेल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. 

मग एका सकाळी त्यांनी आमच्या पोराचा मागच्या वर्षीचा शाळेचा पांढरा सदरा मागून नेला. कॉलर आणि खिसा कापला, खळ करून दोन्ही त्यात बुडवले, वर अख्खी पुडी नीळ ओतली आणि वाळल्यावर वहीच्या पानावर डकवले. मला हसू आवरेना. हा माणूस पुरावा घेऊनच बहिणीच्या दारात चालला होता. ही गंमत बघायला मीही सोबत निघालो.

कारंज्याला गाडी बदलून जऊळक्याला पोचलो. बाजेवर एक बारीकशी म्हातारी बसली होती. चष्मा नव्हता. पावलांच्या आवाजाकडे तिने मान वळवली, पण नजर आमच्या खांद्यांवरून पलीकडेच राहिली.

"काचबिंदू," बबनराव हळू म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "सारे रंग हिनंच दाखवले होते मले, लहानपनी."

"मास्तर आले हायेत संगं," असं सांगून त्यांनी वही तिच्या मांडीवर ठेवली. सिंधूबाईची बोटं पानावर चालू लागली. कॉलर. कडक खळ. खिशाची शिवण. तिने पान नाकाशी नेलं. "सदरा हाय. शाळेचा," ती म्हणाली. "पन म्या त निळा सांगतला होता. शाळेचा सदरा पांढरा असते, बबन."

बबनरावांच्या मिशा तेवढ्या हलत होत्या.

तिची बोटं खिशावर थांबली. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती अशी हसली की बाज करकरली. "मुडद्या, अजून धुतला नाई का थो?" हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. बबनराव तिच्या पायाशी खाली बसले होते, जन्मभराचा दावा विसरून, आणि तेही हसत होते. मलाही हसू आवरलं नाही.

"पास का, बाई?" त्यांनी विचारलं.

तिने ऐकलं नसावं. ती माझ्या हसण्याच्या दिशेला वळली होती. "मास्तर, तुमी सांगा. लय निळा झाला का हो?"

मी पानाकडे पाहिलं. कुठे गडद, कुठे फिका, डागाडागांचा.

"लयच निळा झाला, सिंधूबाई."

"तसाच झाला होता थो," ती समाधानाने म्हणाली, आणि हात चाचपत बबनरावांच्या डोक्यावर ठेवला. "पास."