सात कोअर गेले कुठे?

तैवानमधल्या शिन्चूच्या चिप कारखान्यात युंग-फू धुलाई खात्यात होता. आत काम करणाऱ्यांचे पांढरे झगे धुऊन द्यायचे, एवढंच त्याचं काम. पण लग्नाच्या वेळी सासरी कुणीतरी "जावई चिप बनवतो" असं पसरवलं आणि त्याने ते खोडलं नाही. (बारा वर्षं झाली. आता खोडायचं तर कोणत्या तोंडाने?)

सासूबाईंच्या शेवयांच्या दुकानातला नवा कॉम्प्युटर रखडायला लागला, तेव्हा बोलावणं आलं ते अर्थात जावयाला.

"खोक्यावर आठ कोअर लिहिलंय, आणि चालतो बघ कसा गोगलगायीसारखा! तुझ्या हातचा मळ आहे, बघ जरा."

कोअर म्हणजे काय, हे युंग-फूला ठाऊक नव्हतं. पण आठ मोजता येत होते. कॉम्प्युटरवरचा मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा त्याने बाजूला घेतला (यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तो ठेवतात, खायचा नसतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं). झाकण उघडलं, पंखा काढला. खाली चिप एकच! वर कसलासा चिकट लगदा. हाडाचा धोबी तो. त्याने लगदा लख्ख पुसून काढला.

"आई, फसवलं तुम्हाला! आठ सांगून एकच दिलाय. सात खाल्ले!"

सासूबाई बाह्या सरसावून, जावयाला आणि कॉम्प्युटरला घेऊन तो विकणाऱ्या दुकानात थडकल्या. गिऱ्हाइकांसमोर युंग-फूने पुन्हा तेच ठणकावलं.

दुकानदार लो शांतपणे म्हणाले, "आठही त्या एकाच चिपच्या पोटात असतात. बाईंच्या दुकानात शेगड्या आठ, म्हणून दुकानं आठ होतात का?" मग आत डोकावून म्हणाले, "पंख्यात धूळ बसलीय, म्हणून रखडत होता. पण चिपवरचा लेप कुण्या अडाण्याने पुसला? अशीच चालवली असती तर तापून बंद पडली असती!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं युंग-फूला झालं. "मीच पुसला," तो पुटपुटला. "आई, मी चिप बनवत नाही. कपडे धुतो."

"माहीत आहे. चारचौघांत बरं दिसावं म्हणून ते मीच पसरवलं होतं."

बारा वर्षांचं ओझं उतरलं. लोंनी नवा लेप लावला. "आता परत नेऊन वर हिरवा पुडा ठेवा, झालं."

"आहे की दुकानात," सासूबाई म्हणाल्या.

युंग-फू त्यांच्या कानाशी वाकला. "नाहीये, आई. मोजता मोजता भूक लागली."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे बघ," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "कपडे धुतोस, ते सगळ्या गावाला सांग. पण हे माझ्या मुलीलासुद्धा सांगू नकोस."