पांढरं सांडू नये

झाडं सांभाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही! आमचं घराणं मेंढपाळांचं. ज्यांनी लांडग्यांपासून मेंढ्या राखल्या, त्यांना कुंडीतलं एक झाड काय जड? झाड तर पळूनही जात नाही.

म्हणून किर्गिझस्तानात, बिश्केकमध्ये, बात्मा आपांनी भाड्याच्या खोलीसोबत एक झाड सांभाळायची अट घातली, तेव्हा मी हसलोच. आपा हिवाळाभर लेकीकडे ओश शहरी निघाल्या होत्या. खिडकीशी ते उभं होतं. दिसायला निवडुंग, जातीनं थोर. तीन धारांचं खोड, काटे, आणि हात वर करून शरण आलेल्या टोळीसारख्या फांद्या.

"ह्यांना पाणी अगदी कमी," आपा म्हणाल्या. "थंड वारा लागू देऊ नकोस. आणि ह्यांचा चीक विषारी. डोळ्यात गेला तर आंधळा होशील, पोटात गेला तर वरच जाशील!"

"ह्यांना म्हणजे?"

आपांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत त्यांचे दिवंगत यजमान, असानबेक. झाड त्यांनी लावलेलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. आपांनी तोच मान झाडालाही दिला होता.

"ह्यांना काही झालं, तर तू बाहेर. मग बाहेर बर्फ असो नाहीतर काही!"

जानेवारी आला. कोळशाच्या धुरानं भरदुपारी संध्याकाळ होऊ लागली. आणि झाड वाढू लागलं. खरं तर वाढतंय असं वाटायचं नाही, जवळ येतंय असं वाटायचं. सकाळी उठलो की एखादी फांदी माझ्याकडे वळलेली. मी पलंग सरकवला. तीही सरकली. मग मी त्याला "येतो हं" सांगून कामाला जाऊ लागलो. उत्तर यायचं नाही, एवढाच काय तो दिलासा!

शेवटी शेंडा छताला टेकला आणि वाकून माझ्या उशीकडे बघू लागला. मी फोन लावला.

"आपा, हे छताला टेकलेत."

"डोक्यावर बसायची त्यांना सवयच होती," आपा म्हणाल्या. "शेंडा काप. जाड हातमोजे घाल, डोळ्यांना चष्मा लाव. तुकडा आधी सुकू दे, मग कोरड्या वाळूत लाव. आणि कुबात, मेले तर मला तोंड दाखवू नकोस!"

मी पोहण्याचा चष्मा लावला, कानटोपी घातली, हातमोजे चढवले. तेवढ्यात वीज गेली. सुरी फिरवली, तर कोणीतरी सुस्कारा सोडावा तसा आवाज आला! हातभर शेंडा तुटला. तो भिंतीला टेकवून ठेवला. आणि खोडातून पांढराशुभ्र चीक वाहू लागला. टप. टप. थांबेचना!

इथे माझ्या संस्कारांनी घात केला. दूध, दही, काहीही पांढरं जमिनीवर सांडणं म्हणजे पाप. आईनं हे मला चालायच्या आधी शिकवलं होतं. अपवाद एकच: घरात साप आला, तर तो कोणी गेलेलं माणूसही असू शकतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पांढरं ओतायचं आणि अदबीनं दार दाखवायचं. साप तर नव्हता. म्हणून मी धारेखाली वाडगा धरला. अर्धा भरला. आता मोरीत कसं ओतणार? पांढरं, आणि गटारात? तोबा तोबा! तात्पुरता टेबलावर ठेवला, पावाशेजारी.

दार वाजलं. आपांचे थोरले भाऊ, शार्शेन आबा, झाडाची तपासणी करायला आले होते. वय ऐंशीच्या पुढे, कान अर्धे, डोळ्यांत मोतीबिंदू. माझा अवतार पाहून ते जराही दचकले नाहीत.

"थंडी फार आहे का रे आत?" म्हणाले आणि थेट टेबलाशी बसले. "अरे वा! घोडीचं दूध? उन्हाळ्यात मिळतं ते, जानेवारीत?"

वाडगा त्यांच्या हातात!

"आबा, ते दूध नाही!"

"चिक्कू लोक असंच म्हणतात."

"विष आहे, आबा!"

"वीस वाडगे कोण मागतंय? एकच पितो."

वडीलधाऱ्या पाहुण्याच्या हातातलं पांढरं हिसकावलं, तर माझ्या सात पिढ्या कबरीतून उठून बसल्या असत्या. न हिसकावलं, तर आबाच आडवे होणार. वाडगा ओठांपाशी गेला. मी सात पिढ्यांची क्षमा मागून झेप घेणार, इतक्यात भिंतीशी सळसळ झाली. तोडलेला शेंडा घसरला आणि जमिनीवर वळवळत आबांच्या बुटांशी येऊन थांबला.

"साप!" आबा कुजबुजले.

आणि शांतपणे उठून त्यांनी अख्खा वाडगा त्याच्या डोक्यावर ओतला! "जा बाबा, सुखानं जा. कुबात, दार उघड."

मी दार उघडलं. आत फक्त थंडी आली. साप हलेना. आबांनी वाट पाहिली. मग सापाकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"असानबेक," ते हळूच म्हणाले, "तूच का रे?"

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही खात्री नव्हती!

आबांनी छातीवर हात ठेवून मेहुण्याला सलाम केला आणि तिथूनच बहिणीला फोन लावला. "बात्मा, तुझे हे घरी आलेत. मी स्वतः पांढरं दिलं. जायला तयार नाहीत, पोरानं चांगलं सांभाळलेलं दिसतंय. ह्याला खोलीतून काढू नकोस!"

फोनमधून आपांचे हुंदके ऐकू आले. खोली वाचली! आबा वाचले! मला भरून आलं. मी चष्मा वर सरकवला आणि डोळे पुसले.

हे सगळं मी दवाखान्यातून, पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी, शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून लिहवून घेतोय. दिसायला लागेल म्हणतात. काल आपांचा फोन आला होता.

"मेल्या, हातमोजे घाल म्हणून सांगितलं होतं ना?"

"घातले होते, आपा," मी म्हणालो. "त्यांनीच तर डोळे पुसले."