उजव्या खांद्यावरचा झुपका

“डावा खांदा, आई. माझा डावा!” चष्मेवाल्यांनी सासूबाईंना बजावलं. “डाव्यावर सोनेरी झुपका म्हणजे कमांडर, उजव्यावर म्हणजे कप्तान. उलटसुलट झालं तर माझं काही खरं नाही.”

“ऐकलं हो जावईबापू. रोज जेवताना दुसरं काय ऐकते मी?” मांडीवरचा कोट आणि तोंडातल्या टाचण्या सांभाळत सासूबाई म्हणाल्या.

चष्मेवाले आठवडाभर दुकानात लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणत आणि रविवारी ‘गलबत मंडळा’त लेफ्टनंट होत. फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये बाकं जोडून जुन्या काळची युद्धनौका उभी राही. शिडं पलंगपोसांची, डोलकाठ्या पडद्याच्या दांड्यांच्या. पण हुद्द्यांच्या बाबतीत मस्करी चालत नसे. न मिळालेल्या हुद्द्याची खूण अंगावर दिसली, की माणूस थेट खलाशी व्हायचा आणि त्याच्या हातात फडकं यायचं. मंडळाचे ॲडमिरल म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. त्यांच्यापुढे तोंड उघडायची लोकांना जुनीच भीती होती.

चष्मेवाल्यांना कमांडर करायच्या समारंभाला नातेवाइकांना बोलावणं होतं. बायको आणि सासूबाई पुढे गेल्या. चष्मेवाले निघणार, तेवढ्यात एक गिऱ्हाईक स्वतःच्याच चष्म्यावर बसून आलं. त्यामुळे कोट अंगात चढला तो थेट हॉलच्या अंधाऱ्या जिन्यात. दारात पाऊल टाकताच शिट्टीवाल्यानं कप्तानासाठी राखून ठेवलेली लांबलचक शिट्टी वाजवली. चष्मेवाल्यांनी खांद्याकडे पाहिलं. झुपका उजव्या खांद्यावर होता!

त्यांनी टोपी काढून खांद्यावर दाबली.

“खांदा धरला का?” मंडळाचे वैद्य, एरवीचे प्लंबर, धावत आले. “कोट काढा, एका झटक्यात बसवतो.”

“नको, नको! आपोआप बसेल!”

चष्मेवाले तिरके सरकत मोठ्या शिडामागे लपले. वैद्य काही पिच्छा सोडेनात. शेवटी खाली वाकून चष्मेवाल्यांनी काढता पाय घेतला, तर झुपक्यात शिडाची दोरी अडकली. दोरीबरोबर दांडी आली, दांडीबरोबर पलंगपोस आला आणि त्याखाली भाषणाला उभे असलेले ॲडमिरल दिसेनासे झाले.

पलंगपोसातून डोकं बाहेर आलं, तशी त्यांची नजर नेमकी झुपक्यावर पडली.

“हा उजव्या खांद्यावर कुणी लावला?”

चष्मेवाल्यांची इतकी वर्षं वाट पाहिलेली बढती हातची चालली होती. पण सासूबाईंना चारचौघांत मान खाली घालायला लावणं त्यांच्यानं होईना.

“चूक माझी, सर. मीच सासूबाईंना उलटं सांगितलं.”

“मग नियमाप्रमाणे...” ॲडमिरलांनी फडक्याकडे बोट केलं.

“थांबा!” सासूबाई उठल्या. “साफ खोटं बोलतायत ते. डावाच सांगितला होता. जन्म गेला माझा शिवणकामात, मला डावं-उजवं कळत नाही होय? मी मुद्दाम उजवीकडे लावला.”

“आई!” चष्मेवाल्यांची बायको किंचाळली.

“गप गं. मागच्या लढाईत कप्तान शिंकत बसले होते, तेव्हा गलबत कुणी हाकलं? यांनी! मला शिट्टीवाल्याच्या बायकोनं सांगितलं. हे मात्र घरी येऊन कप्तानांचंच कौतुक करत होते. अशा माणसाला अर्धीमुर्धी बढती कसली देता?”

कप्तान नेमके तेव्हाच शिंकले.

“बाई,” ॲडमिरल गरजले, “कप्तान नेमायला अधिकार लागतो. आपला हुद्दा काय?”

“सासू.”

ॲडमिरलांची नजर नकळत कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली. तिथे त्यांच्या स्वतःच्या सासूबाई काठी टेकून बसल्या होत्या. ॲडमिरलांनी सावकाश टोपी काढली. मागोमाग सगळ्यांनी काढली.

“कप्तान,” ते चष्मेवाल्यांना म्हणाले, “आधी ते शीड वर चढवा.”

चष्मेवाल्यांना शीड दिसेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि मग पहिला हुकूम सोडला.

निघताना ॲडमिरलांनी सासूबाईंना जिन्यात गाठलं. इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच बाही पुढे केली. “इथं अजून एक पट्टी बसेल का हो?”

सासूबाईंनी बाही उलटसुलट करून निरखली.

“जागा आहे. पण काम पाहिल्याशिवाय मी लावत नाही.”