थोरलीची घुरघुर

ही हकिकत २००८ सालची. त्या वर्षी माझ्याइतक्या सुरेख गाण्यांच्या सीडी आसपास कोणी करत नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. आणि त्या मी विकत नव्हते की वाटत नव्हते. झाडाच्या ढोलीत, पुलाखाली, दगडाआड लपवत होते!

दचकू नका. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कोणीतरी कुठेतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. आपण जीपीएस घेऊन निघायचं, डबा हुडकायचा, त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा. लोक ठेवत काय? किल्ल्यांच्या साखळ्या, गोट्या, चाक तुटलेल्या मोटारी! आम्ही ठेवायचो सीडी. वर माझ्या अक्षरात 'नणंद-भावजय मिक्स'.

नणंद म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. उभा जन्म भूमापन खात्यात गेलेला. मी गाडी चालवायची आणि वन्संनी जीपीएस छातीशी धरून ओरडायचं, "डावीकडे! अगं डावीकडे, घड्याळाच्या हाताकडे!" मी घड्याळ उजव्या हातात घालते, हे त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही. आम्ही पुष्कळ फिरलो.

त्याआधी सात वर्षं वन्संनी आमच्याशी अबोला धरला होता. का, तर एका घरगुती फोटोत त्या कडेला अर्ध्याच आल्या होत्या! मग एकदाच्या त्या आल्या, चार दिवस राहिल्या, त्यांना हा खेळ सापडला आणि चार दिवसांचे चार महिने झाले. आता पुढच्या आठवड्यात स्वतःचं घर विकून त्या कायमच्या आमच्याकडे येणार होत्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं! साठी उलटल्यावर जिवाभावाची मैत्रीण मिळाली, आणि तीही नणंद!

तर ती सीडी. कॅसेट प्लेअर संगणकाला वायरने जोडता येतो, हे मला माहीतच नव्हतं. मी आपला मागच्या खोलीत प्लेअर लावायची आणि त्याच्या तोंडाशी माइक ठेवायची. घरात हुकूम सुटायचा, "कोणी हूं की चूं करायचं नाही! शिंक आली तर गिळा!" सगळे गिळायचे. विसरायची ती फक्त मी.

त्या रविवारी नदीकाठच्या डब्यापाशी आम्हाला एक दातांचा डॉक्टर भेटला. तोही तोच डबा शोधत होता. आमच्या हातातली सीडी बघून तो उडालाच!

"तुम्हीच त्या नणंद-भावजय? अहो, काय सीडी आहे! मी दवाखान्यात लावतो. पेशंट आपणहून तोंड उघडतात!"

मी फुग्यासारखी फुगले. "गाणी निवडायला कान लागतो हो."

"गाणी ठीकच आहेत. पण मधलं ते नाटक! ती भांडकुदळ बाई कोणी केली? आणि त्या बिचाऱ्या थोरलीची घुरघुर? हुबेहूब!"

माझ्या फुग्यातली हवा तिथेच गेली. कारण 'थोरली' म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सासरे वन्संना शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारत.

"कसलं नाटक गं?" गाडीत बसता बसता वन्संनी विचारलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत सीडी आत सरकवली. बासरी सुरू झाली. बासरीच्या मागून घुरघुर सुरू झाली. आणि घुरघुरीवर चढलेला माझा आवाज!

"अहो, ही थोरली आता घरातून काढा!"

"राहू दे गं. जुनी आहे," हे म्हणत होते.

"जुनी आहे म्हणूनच! दिवसभर नुसती घुरघुर. पाणी पिते बादल्यांनी, काम शून्य! आणि हलवायची म्हटली तर चार माणसं लागतील!"

"मग करायचं काय?"

"भंगारवाल्याला द्या!"

पुन्हा बासरी.

"गाडी थांबव," वन्सं म्हणाल्या.

त्या उतरल्या आणि जीपीएस घेऊन ताडताड चालू लागल्या. मी गाडी टाकून मागे धावले.

"अहो वन्सं, ऐका तरी! थोरली म्हणजे आमचं वॉशिंग मशीन!"

"आता मला मशीन म्हणतेस?"

"तुम्हाला नाही हो! मशीनला थोरली म्हणतात!"

"म्हणजे माझं नाव मशीनला दिलंत?"

दिलं होतं खरं! त्यांच्या अबोल्याच्या काळात आम्ही दुसरं, लहान मशीन आणलं. यांना प्रत्येक वस्तूला नाव द्यायची खोड. नवी झाली धाकटी, आणि मग जुनी आपोआप थोरली. वन्सं राहायला आल्यावर ही नावं बदलावीत, हे कोणाच्या टाळक्यात शिरलं नाही. मशीन मागच्या खोलीत, आणि चार महिन्यांत वन्सं तिकडे कधी फिरकल्याच नाहीत.

"घरी चला. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. झाकणावर नाव लिहिलंय!"

"येते. बॅग भरायलाच येते."

घरी पोचलो. बेल वाजवली. आजवर सांगितलेलं एकही काम वेळेत न केलेल्या आमच्या यांनी हसत हसत दार उघडलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "घेऊन गेला बरं का भंगारवाला! थोरलीची ब्याद टळली एकदाची!"

मग त्यांना माझ्यामागे उभी असलेली थोरली दिसली.

"ताई... तू... चहा घेणार?"

"बाळ," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "माझी बॅग काढ."

मी यांना चपला घालू दिल्या नाहीत. दोघा भावंडांना गाडीत कोंबलं आणि गाडी थेट भंगारवाल्याच्या वखारीत घातली. तिथे सायकली, पंखे, तुटकी कपाटं यांचा डोंगर! मी त्यावर चढायच्या बेतात होते, तोच भंगारवाला पाठ चोळत पुढे आला.

"ते मशीन होय? काय धूड आहे हो बाई! चार माणसं लागली उचलायला!"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेल्या. झाकणावर यांच्या अक्षरात रंगवलं होतं: 'थोरली. फक्त चादरी.' वन्संनी त्यावरून हात फिरवला, झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं.

"हिच्यात दोष काय?"

"फार आवाज करते हो," हे चाचरत म्हणाले.

"मग? मी करत नाही?" आणि वन्सं अशा हसायला लागल्या की त्या झाकणाला धरून गदगदा हलल्या. अगदी मशीनसारख्या! "उचला रे हिला! थोरल्यांना असं घराबाहेर काढत नाहीत. ही आली तर मी येणार!"

दोघी एकाच आठवड्यात राहायला आल्या.

पुढे दातांच्या डॉक्टरने आमच्या सगळ्या सीडी जमवल्या. "पुढच्या वेळी गाणी जरा कमी करा," असा निरोपही पाठवला. भंगारवाला स्वतः जिओकॅशिंगला लागला. त्याच्या वखारीतला डबा अजून कोणाला सापडलेला नाही. आमच्या यांनी वस्तूंना नावं देणं सोडलं. मशीन मागच्या अंगणात असतं. त्यात आम्ही डबा लपवलाय आणि लांबून लांबून लोक शोधत येतात.

वन्सं आता नव्वदीला टेकल्यात. परवाच मी यांना हळूच म्हटलं, "अहो, थोरलीचं तोंड काही केल्या बंद होत नाही हो!"

आतल्या खोलीतून लगेच आवाज आला, "झाकणाला तेल घाल गं!"

"घालते हो वन्सं!" मी म्हटलं.

तुम्हाला म्हणून सांगते, या वेळी मी मशीनबद्दल बोलत नव्हते.