बेपत्ता सिलिकॉनचा तपास

दीपेश माच्छी हा स्वतःच्या मते डहाणू तालुक्यातला सर्वांत तल्लख मेंदू होता. त्याच्या खालोखाल कोण, हे त्याने ठरवलं नव्हतं, कारण मधे बरीच जागा रिकामी होती. कपाळ रुंद, नजर भेदक, डावी भुवई हुकमासरशी वर जाणारी, हे वर्णन त्यानेच मोबाइलमधल्या आपल्या फोटोखाली लिहून ठेवलं होतं. पोटापाण्यासाठी तो मसोलीच्या एका निदान केंद्रात तंत्रज्ञ होता. पण तो हाडांचे एक्स-रे काढत नसे, हाडांचे जबाब नोंदवत असे. बाहेरच्या बाकड्याखालून कुणाची चप्पल गेली की तो आधी जागेचा पंचनामा करी. अशा सात प्रकरणांचा त्याने छडा लावला होता, आणि त्यांपैकी दोन चपला सापडल्याही होत्या.

एम.आर.आय.च्या खुर्चीवर एरवी प्रगती बसायची. त्या मंगळवारी ती नणंदेच्या हळदीला तलासरीला गेली होती, आणि हळदीला डीजे असल्यामुळे तिचा फोन वाजत होता पण तिला ऐकू येत नव्हता. दीपेशला गुडघे आणि मणके जमत. नवीन काही आलं तर हात लावू नकोस, उद्या मी बघते, असं ती बजावून गेली होती. दीपेशने ते शब्द लक्षपूर्वक ऐकले होते आणि त्यांतून प्रगतीला आपल्या बुद्धीची असूया वाटते असा निष्कर्ष काढला होता.

अकराच्या सुमाराला बोर्डीहून शितल राऊत आल्या. तिथल्या शाळेत त्या इंग्रजी शिकवत. सात वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचे दोन्ही स्तन काढावे लागले होते आणि त्या जागी सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या होत्या. गेला महिनाभर डावीकडे टोचत होतं. पिशवी फुटली असेल तर पुढच्या आठवड्यात मुंबईला ऑपरेशन, शाबूत असेल तर काहीच नाही. बाई हे सगळं शांतपणे सांगत होत्या, फक्त पर्सची चेन उघडत होत्या आणि पुन्हा लावत होत्या.

सुकीने त्यांना आत नेलं. बायकांना गाऊन देणं, अंगावरचा धातू काढून ठेवणं, यंत्रात नीट झोपवणं हे गेली सहा वर्षं सुकीचं काम होतं. तिने बाईंना पालथं झोपवलं, डोक्याखालची उशी सारखी केली, हातात घंटीचं बटण दिलं आणि बाहेर येऊन दार लावलं.

रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर देसाई वापीला बसत. त्यांनी फोनवर थोडक्यात सांगितलं की आधी साधे फोटो काढ, आणि मग एक असा काढ की ज्यात फक्त सिलिकॉन दिसेल, बाकी सगळं काळं. एवढं सांगून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

साधे फोटो छान आले. दोन्ही पिशव्या जागच्या जागी दिसत होत्या. मग दीपेशने पडद्यावर पुढचं पान उघडलं. तिथे तीन नावांची यादी होती: पाणी, चरबी, सिलिकॉन. प्रत्येकापुढे एक चौकोन. चरबीपुढे टिक आधीपासून होती, ती त्याने यंत्राचा मान राखून तशीच ठेवली. डॉक्टरांना सिलिकॉन हवं होतं, म्हणून त्याने सिलिकॉनपुढे टिक केली. मग हाताची घडी घालून तो मागे रेलला.

आठ मिनिटांनी फोटो आला. त्यात स्नायू दिसत होते, कातडी दिसत होती. पिशव्यांच्या जागी मात्र दोन काळीभोर भोकं होती.

दीपेशची भुवई वर गेली. प्रकरण साधं नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी ज्या वस्तू हजर होत्या त्या बंद दाराआड, पेशंट जागी असताना, नाहीशा झाल्या होत्या. त्या खोलीत शेवटचं कोण गेलं होतं, याचा विचार करता एकच नाव पुढे येत होतं. त्याने सुकीला समोर उभं केलं आणि उशी सारखी करण्यामागचा हेतू विचारला.

"मान दुखू नये," सुकी म्हणाली.

उत्तर संशय घेण्याइतकं सरळ होतं. केसांत पिन आहे का, कमरेला किल्ल्या आहेत का, असं त्याने पुढे विचारलं. लोहचुंबकाच्या खोलीत सहा वर्षांत आपण साधी टाचणीही नेलेली नाही, आणि मागच्या महिन्यात पट्टा घालून आत शिरले ते दीपेशभाऊच, याची सुकीने आठवण करून दिली. दीपेशने तिला तात्पुरतं संशयमुक्त केलं.

मग त्याने मालगाडीचा विचार केला. रूळ जवळ होते, गाडी गेली की खिडकीची काच थरथरायची. त्या धक्क्याने सिलिकॉन खाली सरकलं असावं. तो बाहेर जाऊन फाटकापाशी चौकशी करून आला. त्या आठ मिनिटांत एकही गाडी गेली नव्हती. त्यावरून त्याने असं ताडलं की गाडी अतिशय शांतपणे गेली असावी.

त्याने तोच फोटो पुन्हा काढला. तीच दोन भोकं. आता एकच शक्यता राहत होती. पिशव्या यंत्रात असतानाच फुटल्या आणि सिलिकॉन अंगात जिरलं. त्याला पहिल्यांदाच घाम आला. छडा लावताना समोर चपलेऐवजी माणूस असेल तर कसं बोलायचं, हे त्याने कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

सुकीने बाईंना बाहेर आणलं. दीपेशने घसा खाकरला आणि पिशव्या आहेत असं या घडीला खात्रीने म्हणता येत नाही, असं सांगितलं.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी मांडीवरचा गाऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सुकीने पाणी आणून दिलं, ते हातात तसंच राहिलं.

"सकाळी तर होत्या," अखेर त्या हळूच म्हणाल्या. "मला बघू द्या."

पेशंटला पडदा दाखवायची पद्धत नव्हती, पण नाही म्हणायचं धैर्य दीपेशला झालं नाही. बाईंनी चष्मा लावला. फोटोकडे त्यांनी क्षणभरच पाहिलं. मग वह्या तपासायची सवय असलेली त्यांची नजर बाजूच्या अक्षरांवर गेली आणि वरच्या ओळीपासून एकेक शब्द वाचत खाली आली.

"ही यादी कसली आहे?"

काय बघायचं त्याची, असं दीपेशने सांगितलं.

"वर मथळा आहे. सप्रेस. तो वाचलात?"

मथळे यंत्राचे असतात, तपास माणसाचा असतो, अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटला.

"सप्रेस म्हणजे दाबून टाकणे," बाई म्हणाल्या. "ही बघायच्या गोष्टींची यादी नाही, लपवायच्या गोष्टींची आहे. तुम्ही सिलिकॉनपुढे टिक केली आहे, माच्छी. ते लपलंय."

दीपेशची डावी भुवई हुकूम नसताना वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

सुकीने न विचारता डॉक्टर देसाईंना फोन लावून त्याच्या हातात दिला. डॉक्टर काही वेळ गुजरातीत बोलले, ते दीपेशला कळलं पण त्याने कळल्याचं दाखवलं नाही. मग ते मराठीत आले. पाणी आणि चरबी दाबायची, सिलिकॉनवरची टिक काढायची. शिवाय सुरू करण्याआधी पडद्यावरच्या आलेखात तीन टेकड्या दिसतील, पाण्याची, चरबीची आणि सिलिकॉनची. यंत्र आपोआप टेकडी निवडतं तेव्हा गफलत होते, म्हणून पाण्याच्या टेकडीवर खूण हाताने नेऊन ठेवायची. बाईंना विचारून कर, असंही ते शेवटी म्हणाले.

बाई पुन्हा आत गेल्या. या खेपेला दीपेश हाताची घडी न घालता बसला. आठ मिनिटांनी काळ्याकुट्ट पडद्यावर दोन पांढऱ्याशुभ्र पिशव्या उमटल्या, अंधाऱ्या घरात दोन दिवे लावावेत तशा. डावीच्या आत एक बारीक काळी रेघ होती. भेग, हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. सुकीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो शब्द त्याने गिळला.

डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की ती नुसती घडी आहे, कापडाला पडते तशी. कवच शाबूत आहे, बाहेर थेंबही आलेला नाही. टोचतं ते जुन्या टाक्यांच्या जागेमुळे असावं, त्याला औषध आणि व्यायाम पुरेल. ऑपरेशन नको.

बाईंनी हे ऐकून मान डोलावली, बोर्डीची बस किती वाजता आहे ते विचारलं आणि त्या कपडे बदलायला गेल्या. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता. सुकी दारापाशी उभी राहिली आणि पुढच्या पेशंटला तिने लांबूनच हाताने बसायची खूण केली. दीपेश तिकडे आला, उभा राहिला आणि काय करायचं ते न सुचून बाईंच्या चपला दारासमोर नीट जोडून ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रगती आली, तेव्हा तिचे हात अजून पिवळे होते. काल काय झालं म्हणून तिने विचारलं. दीपेश ताठ झाला. सिलिकॉन बेपत्ता झाल्याचं एक गुंतागुंतीचं प्रकरण आलं होतं, सर्व शक्यता पडताळून पाहिल्या, आणि पेशंटच्या सहकार्याने तपास पूर्ण झाला, असं त्याने सांगितलं.

सुकी गाऊनच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"तपास बाईंनी केला," ती म्हणाली. "सहकार्य ह्यांनी केलं, तेही उशिरा."