अप्पांची रोजाक्का

उदगीरला मन्मथप्पांच्या किराणा दुकानात पावशेर शेंगदाणे घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक इटलीची माहिती घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान शेजारीच, त्यामुळे मला तर ती सगळी पाठच आहे.

अप्पा स्वतः हैदराबादच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण त्यांची मुलगी शिल्पा मेलबर्नमध्ये नर्स आहे आणि रोजा नावाच्या म्हाताऱ्या इटालियन बाईंच्या घरात भाड्यानं राहते. फोटोत पाहिलेल्या माणसाशी लग्न करायला या बाई तरुणपणी बोटीनं तिकडे गेल्या. दर रविवारी फोनवर अप्पा मराठीत विचारतात, त्या इंग्रजीत सांगतात, मधे शिल्पा. अप्पा त्यांना रोजाक्का म्हणतात.

मग आठवडाभर आम्हाला प्रवचन. तिकडे गेलेल्या इटालियन लोकांनी ऊस तोडला, ते कारखान्यांत राबले, शेजारी त्यांच्या लसणाला नाकं मुरडायचे. "आता तेच शेजारी लसूण मागून खायलेत," असं सांगताना अप्पांची छाती अशी फुगते, जणू तो लसूण यांच्याच दुकानातून गेला होता. रोजाक्का टोमॅटो शिजवून बाटल्यांत भरते हे कळल्यावर अप्पांनीही वीस किलो भरले. आठ दिवसांत बाटल्या फुटल्या. छतावरचे लाल डाग ते अजून कौतुकानं दाखवतात.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी रोजाक्का आपल्या वडिलांबद्दल बोलली. पोरगी परदेशी चालली म्हणून ते रुसले, बंदरावर आलेच नाहीत. ते वारल्यावर तिला भावाकडून कळलं, की म्हातारा रोज पोस्टमनची वाट बघत दारात उभा राहायचा. स्वतः मात्र त्यानं कधी एक ओळ लिहिली नाही.

त्यानंतर दोन दिवस अप्पांनी इटलीचं नाव काढलं नाही. शिल्पा निघाली तेव्हा तेही स्टेशनवर गेले नव्हते. दुकानात साखरेच्या पुड्या बांधत बसले होते. मी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, लातूरला चला, पासपोर्ट काढायचा हाय. वय सत्तर. बसमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "तिथं उतरल्यावर पोरीला आधी काय म्हणावं?"

"काही म्हणू नका. तुम्ही गेलात, यातच तिला सगळं कळेल."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "ते म्हातारं न बोलताच गेलं."

आणि लातूर येईपर्यंत ते ओठांतल्या ओठांत एकच वाक्य घोकत राहिले, "पोरी, मी स्टेशनवर याया पाहिजे होतं."